उजेड मांडण्याचे शिक्षण

स्मरणिका म्हटली की आठवणी आल्याच. वसतिगृहातील पहिली रात्र, पहाटेची वंदना, पेजेसाठी लागलेली रांग, सुट्टीत घरी जाताना चुकलेली एसटी, यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते लिहावेच. आम्ही काही माजी विद्यार्थी मात्र ही पाने एका चालू प्रश्नासाठी मागून घेत आहोत. गेल्या वर्षभरात हा प्रश्न पालकसभेत तीन वेळा निघाला आणि तिन्ही वेळा ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवला गेला. अकरावीत शिकणारी आपली एक विद्यार्थिनी रात्रीच्या अभ्यासानंतर संगणकाच्या खोलीत बसून गेम इंजिनमध्ये प्रकाशयोजना शिकते. तिला ती खोली आणि तो वेळ द्यावा की नाही, एवढाच हा प्रश्न. द्यावा, असे आमचे मत आहे. ते का, हे थोडे सविस्तर मांडतो.

प्रथम ‘गेम’ या शब्दाविषयी. हा शब्द ऐकताच पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि त्यांना आम्ही दोष देणार नाही. मोबाइलवरच्या रमीत आणि पैजेच्या खेळांत महिन्याची मजुरी घालवलेले तरुण आपल्या वाड्यावस्त्यांवर आहेत. पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने केला, तोही याच कारणाने. परंतु गेम इंजिन हा खेळ नव्हे. खेळ ज्यात बांधला जातो तो हा कारखाना. त्यात भिंत उभारता येते, झाड लावता येते, समुद्राला लाट देता येते, आणि हे सारे करून झाल्यावर पडदा काळाच राहतो. कारण त्या जगात अजून सूर्य नसतो. सूर्य कोठे ठेवायचा, तो किती तापवायचा, त्याचा रंग कोणता, आकाशातून किती उजेड झिरपायचा, दिव्याची ज्योत खोलीच्या कोणत्या कोपऱ्यापर्यंत पोचवायची, हे ज्याने ठरवायचे त्याचे काम म्हणजे प्रकाशयोजना. अनरिअल, युनिटी, गोडो ही अशा इंजिनांची नावे. मालवणात ‘लाइट’ म्हटले की आधी आठवते ती एलईडी दिव्यांची मासेमारी, २०१७ साली केंद्राने बंदी घातलेली आणि तरीही रापणकारांच्या जिवाला लागून राहिलेली. हा उजेड त्या जातीचा नाही, एवढे सांगून पुढे जातो.

या कामाच्या मुळाशी पदार्थविज्ञान आहे, ही गोष्ट सभेत कोणी बोलले नाही. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधकांनी एक साधी पेटी कल्पिली. एक भिंत लाल, समोरची निळी, बाकी सारे पांढरे. प्रश्न असा, की लाल भिंतीवर आपटून परतणारा उजेड शेजारच्या पांढऱ्या भागाला किती लाली देतो, हे गणिताने काढता येईल का? ते काढता आले, आणि १९८६ साली जेम्स काजिया यांनी उजेडाच्या अशा साऱ्या देवघेवीला एकाच समीकरणात बसवले. आजची इंजिने त्या समीकरणाच्या जितके जवळ जाता येईल तितके जाण्याची धडपड करतात. पूर्वी हा हिशेब एकदाच, तासन्‌तास यंत्र चालवून करून ठेवावा लागे. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या अनरिअलच्या पाचव्या आवृत्तीत ‘ल्युमेन’ नावाची सोय आली, आणि दिवा हलवताच भिंतीवरची आभा त्याच क्षणी बदलू लागली.

कॉर्नेलची ती पेटी पाहायला आपल्या मुलांना अमेरिकेला जाण्याची गरज नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचे कुंपण आणि त्याला लागून चुना लावलेली भिंत ज्याने सकाळी आठ वाजता पाहिली आहे, त्याला ती पेटी ठाऊक आहे. चुन्याच्या भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग गुलाबी दिसतो. त्यातली काही लाली पावसात उडालेल्या चिखलाची असते, हे खरे. पण पुसून काढल्यावरही जी उरते ती चिऱ्यांनी परतवलेल्या उजेडाची. आमच्या या विद्यार्थिनीचे वडील चिरेखाणीवर कामाला आहेत. तिने बांधलेल्या पहिल्याच दृश्यात भिंतीला ती लाली होती. शिकवणाऱ्या चित्रफितीत ती नव्हती. तिने ती कोठून आणली, असे विचारता ती म्हणाली, ‘तशी ती असतेच ना.’

आम्हाला या प्रश्नात जे महत्त्वाचे वाटते ते या उत्तरात आहे. इंजिनाची बटणे कोणालाही तीन महिन्यांत कळतात. उजेड पाहण्याची नजर त्या मुदतीत येत नाही, आणि ती कोकणातल्या घरात वाढलेल्या मुलाकडे आधीच बरीचशी असते. जुन्या कौलारू घराचे छप्पर आठवा. मंगलोरी कौलांच्या रांगेत एखादेच काचेचे कौल. दुपारी त्यातून उतरणारा कवडसा चुलीवरून जातो तेव्हा धुरामुळे त्याचा दांडा दिसतो, हात घालून धरावा इतका घट्ट. इंजिनात यालाच धुके आणि त्यातून जाणारा प्रकाश अशी दोन वेगळी नावे देऊन आकड्यांनी जुळवावे लागते. शहरातील विद्यार्थी ते आकडे पाठ करतो. आपल्या मुलाला धूर कमी झाला की दांडा पुसट होतो, हे पाठ करावे लागत नाही.

किंवा माजघरात उभे राहून खळ्याकडे पाहा. बाहेर स्वच्छ उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, आत शंभराच्याही खाली. डोळा आतल्या अंधाराला सरावलेला असेल तर दार म्हणजे नुसता पांढरा चौकोन; बाहेर पाऊल टाकल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही, मग माड दिसू लागतात. इंजिनात डोळ्याच्या या सरावण्याचीही सोय आहे, आणि नवशिके ती बहुधा वैतागून बंद करतात, कारण दृश्य सतत उजळते-मंदावते. ती किती सावकाश चालावी हे ठरवायला माजघर आणि खळे यांच्यामधला उंबरठा रोज ओलांडलेला असणे हीच उत्तम तयारी.

पावसाचे तर विचारूच नये. आयत्या धड्यांमध्ये पाऊस म्हणजे करडा, निळसर, उदास. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मालवणच्या किनाऱ्यावर राहिलेल्या माणसाला विचारा. सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण सूर्याऐवजी सगळे आकाशच दिवा झालेले असते; आणि खालून भाताची शेते, शेवाळलेले गडगे, अळूची पाने त्या उजेडाला हिरवा करून परत पाठवतात. माणसाच्या हनुवटीखालीदेखील हिरवट झाक येते. असा पाऊस आम्ही आजवर एकाही खेळात पाहिला नाही. तो कोणीतरी करायला हवा, आणि तो करण्याचा पहिला हक्क, आमच्या मते, येथल्या मुलांचा आहे.

उजेड मांडणे ही आपल्याकडे नवी विद्या आहे, असा समज असेल तर तोही काढून टाकू. आपल्यापैकी अनेकांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहिले आहे. दारावरची ती कमानीची मोठी खिडकी नुसती शोभेची नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरणाऱ्यांनी उजेडाला तेवढी एकच मोठी वाट ठेवली आणि तिच्यासमोर, सभागृहाच्या शेवटी, स्तूप ठेवला. खांबांमागच्या दोन्ही चिंचोळ्या वाटा अंधुक राहतात, मधला भाग हळूहळू मावळत जातो आणि नजर आपोआप स्तूपापाशी जाऊन थांबते. जेथे पाहावे असे वाटते तेथे उजेड, बाकीच्या जागी तो राखून खर्च करायचा, हा धडा इंजिनाच्या कोणत्याही पुस्तकात पहिल्या पाच पानांत असतो. छिन्नी हातात असलेल्यांना तो चुकला असता तर डोंगर पुन्हा भरता आला नसता.

आणि इतके लांब तरी कशाला? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ जपला आहे. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कथा कोणत्या, याच्याशी येथे आपल्याला कर्तव्य नाही, हुन्नर पाहा. मागे दिवा, पुढे पांढरा पडदा, मध्ये बाहुली. बाहुली पडद्याला टेकली की सावलीची कड धारदार. दिव्याकडे नेली की सावली मोठी होते आणि कड विरते. इंजिनात दिव्याचा आकार वाढवला की सावलीची कड मऊ होते, हे आमच्या विद्यार्थिनीला चित्रफितीत दोनदा पाहूनही कळले नव्हते. वसतिगृहाच्या भिंतीवर मेणबत्ती आणि पुठ्ठ्याचा मासा घेऊन बसल्यावर कळले. आता तिच्या मागे चौथी-पाचवीतील मुलांची रांग लागते, ही गोष्ट निराळी.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला त्याकडे येतो. तिच्या दुसऱ्या दृश्यात आजी आहे. पडवीत बसलेली, सुपात तांदूळ पाखडणारी, सावळी, खरे तर काळीच. दृश्याला आयता मिळणारा सूर्य लावला आणि आजीचा चेहरा कोळशासारखा झाला. डोळे तेवढे उरले. मुलीने सूर्य वाढवला. चेहरा दिसू लागला, पण मागची भिंत जळून गेल्यासारखी पांढरी पडली आणि आजी राखेच्या रंगाची झाली. मग तिने जे केले ते पाहून आम्हाला वाईट वाटले. तिने आजीच्या कातडीचा रंगच दोन छटांनी उजळ केला. काम झाले, चित्र ‘छान’ दिसू लागले.

हे आपल्याला नवे नाही. आपल्या लग्नांचे अल्बम काढून पाहा. नवरा-नवरीचे चेहरे पिठात घोळल्यासारखे, आणि मागे उभे असलेले मामा तेवढे आपल्या रंगाचे, कारण त्यांच्यापर्यंत छायाचित्रकाराचा हात पोचलेला नाही. याची मुळे खोल आहेत आणि त्यांतली काही तंत्रातच आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी छायाचित्रांच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचे चित्र पाठवत असे. त्यावर एक गोरी स्त्री असे. कंपनीतील पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या चित्राला ‘शर्ली’ म्हणत. तिची कातडी नीट उमटली की रंग बरोबर, असे ठरलेले. ज्यांचा वर्ण तिच्यासारखा नाही ते त्या फिल्मवर कसे उमटतात, ही चौकशी फार उशिरा झाली. आणि झाली तीसुद्धा बरीचशी चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यावर. माणसांच्या तक्रारीला जे वजन आले नाही ते कपाटांच्या तक्रारीला आले.

फिल्म गेली, सवय राहिली. धड्यांतील दृश्ये, आयते दिवे, नमुन्याचे चेहरे, या साऱ्यांत अजून बहुधा उजळ कातडी गृहीत असते. काळ्या चेहऱ्यावर नुसता उजेडाचा मारा करून भागत नाही, कारण आत शिरणारा बराचसा प्रकाश ती कातडी शोषून घेते. मात्र कातडीच्या पृष्ठभागावरून थेट परतणारी जी चमक असते ती गोऱ्या-काळ्याच्या बाबतीत जवळपास सारखीच असते. म्हणून अशा चेहऱ्याला मोठा, मऊ, बाजूने येणारा उजेड द्यायचा. म्हणजे गालाच्या उंचवट्यावर, कपाळावर, नाकाच्या कडेला चमक धरते आणि चेहऱ्याची घडण दिसते. मागून एक बारीक कड द्यायची, म्हणजे केस अंधारात हरवत नाहीत. भिंत जरा काळोखात जाऊ द्यायची. हे सारे कळल्यावर त्या मुलीने कातडीचा रंग पूर्ववत केला, सूर्य उतरवला, आणि पडवीच्या बाहेर, अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतराचा उजेड आजीच्या डाव्या गालावर आणला. ते धोतर आजोबांचे. आता त्या चित्रात आजी काळीच आहे आणि तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती वाचता येते.

सभेत एका पालकांनी विचारले होते, ‘यातून समाजाला काय?’ प्रश्न योग्य आहे. आमचे उत्तर त्या गालाकडे बोट दाखवणे एवढेच आहे. ज्यांची चित्रे फार काळ काढलीच गेली नाहीत आणि काढली तेव्हा पुसट किंवा पांढरी करून काढली गेली, त्यांच्या घरातील एक मुलगी चेहऱ्यावर उजेड कसा पडावा हे स्वतः ठरवते आहे. याला आम्ही किरकोळ गोष्ट मानत नाही.

दुसरा प्रश्न पोटाचा, आणि तो टाळून चालणार नाही. या क्षेत्रात महाराष्ट्रातून चांगले काम झाले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने अनरिअलवर ‘राजी’ हा खेळ केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. २०२० साली खेळ आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याचे नामांकन झाले. त्यातील देवड्या, जाळ्या, पाण्यावरचा संध्याकाळचा उजेड पाहिला की इथल्या माणसांनी तो केला आहे हे ओळखू येते. हे सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनरिअल बनवणाऱ्या एपिक कंपनीने सप्टेंबर २०२३मध्ये सुमारे ८३० लोकांना कमी केले. युनिटीने जानेवारी २०२४मध्ये सुमारे १,८०० जणांना, म्हणजे दर चारांतील एकाला, कमी करण्याचे जाहीर केले. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा चित्रपटांचे दृश्य-परिणाम करणारा मोठा समूह कोसळला आणि बंगळूर-मुंबईतील त्याच्या कर्मचाऱ्यांचे काम एकाएकी थांबले. या धंद्यात नोकरी खात्रीची नाही. जो कोणी खात्री देतो त्याच्यापासून दूर राहावे.

आणि खात्री देणारे फार आहेत. शहरांतील काही खासगी वर्ग ‘शंभर टक्के नोकरी’ असे फलक लावून वर्षाला लाखाच्या पटीत शुल्क घेतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्यासाठी काजूची कलमे गहाण टाकली. मुलगा दोन वर्षांनी एक प्रमाणपत्र आणि इतरांच्या धड्यांवरून जशीच्या तशी उतरवलेली चार चित्रे घेऊन परतला. म्हणून आमचे पालकांना आग्रहाचे सांगणे आहे. बारावीपर्यंत या शिक्षणावर एक रुपयाही शुल्क भरू नका. ब्लेंडर मोफत आहे. २००२ साली जगभरातील लोकांनी एक लाख युरो जमवून ते सर्वांसाठी खुले करून घेतले. गोडो मोफत आहे आणि साध्या यंत्रावर चालते. अनरिअल शिकण्यासाठी पैसे पडत नाहीत. खेळाचे उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेले तरच कंपनी आपला वाटा मागते. त्या अडचणीचा दिवस आपल्या शाळेच्या वाट्याला आला तर आम्ही पेढे वाटू. मुलाने स्वतःच्या घराची, स्वतःच्या किनाऱ्याची पाच दृश्ये स्वतः उजळून दाखवावीत, आणि मगच पुढच्या शिक्षणाचा विचार व्हावा. तेव्हाही आधी सरकारी संस्था पाहाव्यात. मुंबईत २०२५ साली याच क्षेत्रासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे. खेळांत काम नाही मिळाले तरी हीच विद्या इमारतींची दृश्ये करणाऱ्याला, रंगमंचाला, संग्रहालयाला, मालिकांना लागते. पोलीस भरती, डी.एड., आयटीआय यांची वाट यामुळे बंद होत नाही. गणित आणि भौतिकशास्त्र सोडून ही विद्या येत नाही, हे मुलांना मात्र पहिल्या दिवशी सांगावे.

रात्रीच्या वेळेबद्दल अधीक्षकांची हरकत आम्हाला समजते. एका मुलीला खोली उघडून दिली तर दहा मुले मागतील, त्यांतील सात नुसती बसायला येतील. येऊ द्यावीत, पण एका अटीवर. खोलीत येण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत एक नोंद करून आणावी: आज कोणता उजेड पाहिला, तो कोठून येत होता, सावलीची कड कशी होती, शेजारच्या कोणत्या रंगाने तो बदलला. चिवल्याच्या किनाऱ्यावर सूर्य बुडल्यावर वाळू किती वेळ उजळ राहते? रापणीच्या ओल्या जाळ्यावर चमक कोणत्या बाजूला येते? किल्ल्याचा तट दुपारी तीनला सपाट का दिसतो आणि पाचला त्याचे बुरूज पुढे का येतात? ज्याची वही आठ दिवस कोरी, त्याला खोली बंद. सातांपैकी पाच जण पहिल्या पंधरवड्यातच गळतील, असा आमचा अंदाज. उरलेल्या दोघांसाठी ती खोली आहे.

साधनांचे म्हणाल तर शाळेतील सध्याच्या संगणकांवर ल्युमेन चालणार नाही. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. गोडोमध्ये उजेड आधी भाजून ठेवण्याची जुनी रीत त्यांवर चालेल. रात्री यंत्र लावायचे, सकाळी वंदनेनंतर येऊन पाहायचे. चूक झाली असेल तर पुन्हा रात्र. शिकणाऱ्याला ही रीत वाईट नाही, दिवा ठेवण्यापूर्वी तो दोनदा विचार करतो. तरीही एक चांगले यंत्र हवे. मुंबई-पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात असलेले आपले माजी विद्यार्थी थोडे नाहीत आणि त्यांची कार्यालये दर काही वर्षांनी यंत्रे बदलतात. त्यांतील एक, ग्राफिक्स कार्डासह, येत्या मे महिन्यापूर्वी शाळेत पोचावे. वीज जाण्याचा येथला अनुभव लक्षात घेऊन सोबत इन्व्हर्टरची बॅटरीही असावी. पावसाळ्यात खोलीच्या मागच्या भिंतीला ओल येते, तेव्हा यंत्र खिडकीच्या बाजूला ठेवावे लागेल. खोलीची दुसरी किल्ली सध्या कार्यालयात असते. ती रात्री आठ ते साडेनऊ या वेळेत कोणाच्या ताब्यात असावी, हे पुढच्या पालकसभेत ठरवून घ्यावे.